गिटारवरचा डिमिनिश्ड कॉर्ड: ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांच्यासाठी

सी, जी, ए मायनर, एफ एवढं हाताला बसलं की गिटारवर ढीगभर गाणी निघतात. मग एखाद्या गाण्याच्या कॉर्डमध्ये मध्येच ‘जी शार्प डिम’ (डिम म्हणजे डिमिनिश्ड) असं काहीतरी लिहिलेलं दिसतं आणि बहुतेक जण ते सरळ गाळून पुढे जातात. गाळलं तरी चालतं, आणि त्यामुळेच तो शिकायचा राहून जातो. गाणं अडत नाही, फक्त एक वळण सपाट होतं. ऐकणाऱ्याला काहीतरी कमी वाटतं, पण काय ते सांगता येत नाही.

हा लेख बडोद्यातल्या आपल्या मराठी पोरापोरींना समोर ठेवून लिहिलाय. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या देखरेखीखाली इथे गायनशाळा काढली. आज ती विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, सूरसागर तलावाच्या समोर. त्या परंपरेमुळे दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या घरांत पेटी असतेच, एखाद्या काकूंनी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या असतात, आणि कोमल-तीव्र हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले असतात. गिटार मात्र आपण मोबाइलवर बघून शिकतो आणि तिथे सगळी भाषा वेगळी. डिमिनिश्डच्या बाबतीत सरगम येणाऱ्याला निम्मं काम आधीच झालेलं असतं. ते कसं, तेच खाली सांगतो.

आकार लिहिताना मी जाड तारेकडून पातळ तारेकडे, म्हणजे सहावीपासून पहिलीपर्यंत, फ्रेटचे आकडे दिलेत. ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे ती तार वाजवायची नाही.

## १. आधी हे जवळ ठेवा

- गिटार, ज्याच्या तारा बोर्डापासून फार उंच नाहीत. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. डिमिनिश्डमध्ये बहुतेक वेळा चारही बोटं एकदम दाबावी लागतात, त्यामुळे उंच तारांची गिटार इथे हात मोडते. दुकानदार ‘चालशे’ म्हणेल, पण सेटअप, म्हणजे तारांची उंची नीट, करून घेतल्याशिवाय घरी आणू नका.
- १० किंवा ११ जाडीच्या तारांचा सेट (आकडा सगळ्यात पातळ तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत). पावसाळ्यात इथल्या दमटपणाने तारा लवकर गंजतात, म्हणून वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा.
- ट्यूनर. क्लिपचा असो की मोबाइलवरचा.
- पेटी. नसेल तर मोबाइलवरचा कीबोर्ड चालेल.
- कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबणारा चिमटा.
- एक वही. फोटो काढून ठेवलेले कॉर्ड डोक्यात शिरत नाहीत.

सूर लावल्यावर एक तपासणी करा. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. जी मेजरमध्ये थोडा बेसूरपणा खपून जातो. डिमिनिश्ड मुळातच खुपणारा असल्याने त्यात बिघडलेला सूर आणि कॉर्डचा स्वभाव यांतला फरक नवख्याला कळत नाही, आणि तो उगाच स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो.

## २. गिटार बाजूला ठेवा, पेटी उघडा

कुठलीही पट्टी सा धरा. तिथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजत तीन-तीन पट्ट्या वर चढत जा. मिळतील ते स्वर: सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध. आणखी तीन चढलात की वरचा सा.

हे चार एकदम दाबा. हाच डिमिनिश्ड सेव्हन्थ.

मधुवंती ज्यांनी शिकलाय त्यांना हे चारही स्वर ओळखीचे वाटतील, कारण ते सगळे त्या रागात आहेत. मग मधुवंती इतका गोड आणि हा कॉर्ड इतका अस्वस्थ का? मधुवंतीत पंचम आहे. सा आणि प मिळून जमीन तयार करतात आणि बाकीचे स्वर त्यावर उभे राहतात. इथे पंचम नाही, त्याच्या जागी तीव्र मध्यम आहे. सा ते तीव्र म हे अंतर बरोबर अर्ध्या सप्तकाचं. कोमल ग ते ध तेवढंच. सगळ्या पायऱ्या सारख्या असल्यामुळे कानाला यातला पाया कोणता तेच ठरवता येत नाही. म्हणून तो आधार शोधत पुढे जायला बघतो.

आता पेटीवरच दुसरा प्रयोग. गाण्याचा सा पांढरी एक (सी) धरा. नी, रे, म, कोमल ध हे चार एकत्र वाजवा, आणि लगेच सा, ग, प. नी वर चढून सा ला मिळाला, म उतरून ग वर आला, कोमल ध उतरून प वर बसला. रे ला दोन्ही बाजू मोकळ्या, सा वर जा किंवा ग वर. हे सावकाश पुन्हा पुन्हा वाजवा. पुढचे सगळे आकार या एका हालचालीसाठी आहेत.

इथे एक खड्डा आहे. वर मी दोन वेगवेगळे सा वापरले. पहिल्या प्रयोगात सा म्हणजे कॉर्डचा स्वतःचा मूळ स्वर, दुसऱ्यात सा म्हणजे गाण्याचा सा. गिटारच्या पुस्तकांत पहिली पद्धत असते, आपल्या गायकांच्या तोंडी दुसरी. दोन्ही मिसळल्या की गोंधळ ठरलेला. यापुढे मी सरगम लिहीन ती गाण्याच्या सा पासूनच.

## ३. मुळात हे तीनच आहेत

बारा स्वरांवर बारा डिमिनिश्ड कॉर्ड होतील असं वाटतं. होत नाहीत. तीन-तीन पट्ट्यांच्या अंतरामुळे चौथ्या उडीला आपण घरी परत येतो. त्यामुळे एकाच कॉर्डला चार नावं पडतात आणि बारा नावांत खरे कॉर्ड तीन उरतात. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा:

- पहिलं घर: सी, ई फ्लॅट, एफ शार्प, ए. पेटीवर पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा.
- दुसरं घर: सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट. पेटीवर काळी एक, पांढरी तीन, पांढरी पाच, काळी पाच.
- तिसरं घर: डी, एफ, जी शार्प, बी. पेटीवर पांढरी दोन, पांढरी चार, काळी चार, पांढरी सात.

गाण्याचा सा कुठेही असो, सरगमेत ही घरं अशी पडतात:

- सा, कोमल ग, तीव्र म, ध
- कोमल रे, ग, प, कोमल नी
- रे, म, कोमल ध, नी

बाराही स्वर एकदा आणि एकदाच येतात. ही शेवटची तीन ओळींची यादी पाठ करा. गाणाऱ्याच्या साथीला बसलात की फ्रेटच्या आकड्यांपेक्षा हीच कामाला येते, आणि सातव्या पायरीत तिच्यावरच सगळं चालणार आहे.

## ४. तीन आकार, याच क्रमाने

पातळ चार तारांचा: × × १ २ १ २

पहिलं बोट चौथ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, तिसरं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर, मधलं बोट दुसऱ्या तारेच्या पहिल्यावर, करंगळी पहिल्या तारेच्या दुसऱ्यावर. हा डी शार्प डिम. हाच आकार तीन फ्रेट पुढे सरकवा, × × ४ ५ ४ ५, मग × × ७ ८ ७ ८. चारही स्वर तेच, फक्त वर-खाली जागा बदललेल्या. सुरुवात याने करा. हा ऐकायला मोकळा लागतो आणि दोन जाड तारा सोडूनच द्यायच्या असल्याने दाबून बंद करायची कटकट नाही.

पाचव्या तारेचा: × ३ ४ २ ४ ×

मधलं बोट पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, तिसरं चौथ्या तारेच्या चौथ्यावर, पहिलं तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर, करंगळी दुसऱ्या तारेच्या चौथ्यावर. हा सी डिम. मधल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला हलकं टेकवून ती बंद करा, आणि करंगळी जराशी आडवी झुकवून पहिली तार. करंगळी सुरुवातीला ऐकणार नाही. तिला वेळ द्या, पण मनगट वाकवून जोर लावू नका. अंगठा मानेच्या मागे मध्यावर आणला की निम्मा त्रास कमी होतो.

सहाव्या तारेचा: ३ × २ ३ २ ×

मधलं बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, पहिलं बोट चौथ्या ते दुसऱ्या तारेपर्यंत दुसऱ्या फ्रेटवर आडवं, तिसरं बोट तिसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर. पाचवी तार मधल्या बोटाच्या पोटाने बंद होते. हा जी डिम.

पिकने सहाही तारांवर झोडू नका. उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटं यांनी चार तारा एकदम चिमटीत धरल्यासारख्या उचला. या कॉर्डला तसाच आवाज शोभतो, आणि नको त्या तारा वाजण्याचा प्रश्नच मिटतो.

## ५. डी सेव्हनमध्ये लपलेला कॉर्ड

बहुतेक ठिकाणी हे सांगत नाहीत, आणि माझ्या मते आकार घोकण्याआधी हेच सांगायला हवं. मोकळा डी सेव्हन तुम्हाला येतो: × × ० २ १ २. त्यातली चौथी तार, जी मोकळी आहे, ती पहिल्या फ्रेटवर दाबा. × × १ २ १ २. झाला डी शार्प डिम. सेव्हन्थ कॉर्डचा मूळ स्वर एक फ्रेट वर चढवला की डिमिनिश्ड मिळतो, इतकं ते सोपं आहे.

आता उलट चाला. × × १ २ १ २ धरून ठेवा आणि एका वेळी एकच तार एक फ्रेट उतरवा:

- चौथी उतरवली: × × ० २ १ २, डी सेव्हन.
- तिसरी उतरवली: × × १ १ १ २, जी शार्प सेव्हन.
- दुसरी उतरवली: × × १ २ ० २, बी सेव्हन. मोकळ्या बी सेव्हनच्या वरच्या चार तारा बघा, ह्याच आहेत.
- पहिली उतरवली: × × १ २ १ १, एफ सेव्हन.

एका डिमिनिश्डच्या चार बाजूंना चार सेव्हन्थ कॉर्ड उभे आहेत. मोकळ्या जी सेव्हनच्या वरच्या चार तारा × × ० ० ० १, त्यातली तिसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबली की × × ० १ ० १, म्हणजे डी डिम. त्याचंच दुसरं नाव बी डिम, म्हणजे सी च्या गाण्यातले नी, रे, म, कोमल ध. दुसऱ्या पायरीत पेटीवर जे वाजवलंत, तेच.

यावरून कामाचा नियम निघतो. जिथे सेव्हन्थ कॉर्ड पुढच्या कॉर्डकडे ओढत नेतो, तिथे त्याच्याऐवजी डिमिनिश्ड ठेवता येतो. ए मायनरच्या आधी ई सेव्हन येतो ना, तिथे जी शार्प डिम ठेवून बघा. जी शार्प, बी, डी हे तीन स्वर दोघांत सामाईक आहेत, फक्त ई च्या जागी एफ आला. ओढ तीच, रंग जरा गडद.

हे एका बैठकीत पचणार नाही. हातात गिटार घेऊन एकेक तार उतरवत बसा, कॉर्डचं नाव मोठ्याने म्हणा, आणि कंटाळा आला की सोडा.

## ६. कुठून कुठे जायचं

डिमिनिश्ड म्हणजे दोन मजल्यांमधला जिना. त्यावर चढायचं असतं, बिछाना घालायचा नसतो. त्यामुळे तो कधीही एकटा शिकू नका. आधीचा आणि नंतरचा कॉर्ड घेऊनच शिका, आणि जाड तारांवरच्या सुराकडे लक्ष ठेवा.

सा च्या कॉर्डवरून रे च्या कॉर्डकडे: सी (× ३ २ ० १ ०), सी शार्प डिम (× ४ ५ ३ ५ ×), डी मायनर सेव्हन (× ५ ७ ५ ६ ५). पाचव्या तारेवर ३, ४, ५ असं चढणं ऐकू आलं पाहिजे. ऐकू आलं नाही तर कॉर्ड बरोबर असूनही काम झालं नाही. पुढे जी सेव्हन लावून सी वर परत या.

प वरून ध कडे: जी (३ २ ० ० ० ३), जी शार्प डिम (४ × ३ ४ ३ ×), ए मायनर (× ० २ २ १ ०). सुरुवातीला ज्याला तुम्ही गाळत होतात तो बहुधा हाच. नवख्याने पहिल्यांदा हा मार्ग घ्यावा, कारण दोन्ही टोकांचे कॉर्ड आधीच येत असतात.

म वरून प कडे: एफ (१ ३ ३ २ १ १), एफ शार्प डिम (२ × १ २ १ ×), जी. किंवा जी ऐवजी सी, पण सहाव्या तारेवर जी ठेवून: ३ ३ २ ० १ ०. कडव्यावरून ध्रुवपदावर परत येताना हा दुसरा प्रकार फार सुंदर लागतो.

उतरताना: ई मायनर सेव्हन (× ७ ९ ७ ८ ७), ई फ्लॅट डिम (× ६ ७ ५ ७ ×), डी मायनर सेव्हन (× ५ ७ ५ ६ ५). चढत्या मार्गात डिमिनिश्ड एक फ्रेट वर जाऊन सुटतो, इथे एक फ्रेट खाली. ओढ कमी, घसरण जास्त.

जागच्या जागी: सी, सी डिम (× ३ ४ २ ४ ×), पुन्हा सी. मूळ स्वर हलत नाही, वरचं सगळं क्षणभर सरकतं आणि परत येतं. शेवटचा सा लांबवायचा असेल तर कधीतरी वापरा. दर ओळीला वापरलात तर ऐकणारे उठतील.

किती वेळ धरायचा? केरव्यात आठपैकी सातवी-आठवी मात्रा, म्हणजे पुढची सम येण्याआधीच्या दोन. दादऱ्यात सहावी, फार तर पाचवी-सहावी. समेवर मुक्कामाचा कॉर्ड आला पाहिजे. डिमिनिश्ड समेवर पडला की तबलजी मान वर करून बघतो. मेट्रोनोमपेक्षा तबल्याच्या ठेक्याचं ॲप लावून याचा सराव जास्त चांगला होतो, कारण आपल्याला आवर्तन ऐकायची सवय असते.

## ७. गाणाऱ्याच्या सुराशी भांडू नका

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. कॉर्ड बरोबर, मार्ग बरोबर, तरी काकू गाता गाता थांबतात आणि म्हणतात, “अरे, काय वाजवतोयस मध्येच? माझा सूर हलतोय.” त्यांचं बरोबर असतं.

त्या क्षणी गाणारी व्यक्ती कोणत्या स्वरावर आहे ते बघा, आणि तिसऱ्या पायरीतल्या यादीत तो स्वर कोणत्या घरात आहे ते बघा. सा वरून रे कडे जाणारा मार्ग दुसऱ्या घराचा: कोमल रे, ग, प, कोमल नी. गाणारी ग किंवा प वर असेल तर हा डिमिनिश्ड मधासारखा विरघळतो. ती सा लांबवत असेल तर तुमच्या कोमल रे ची आणि तिच्या सा ची टक्कर होणार. तिथे नुसता सी धरून बसा, किंवा तिचा श्वास घ्यायचा क्षण येईल तेव्हा त्या फटीत डिमिनिश्ड टाका.

प वरून ध कडचा मार्ग तिसऱ्या घराचा: रे, म, कोमल ध, नी. प लांबवला जात असेल तर इथेही टक्कर. म वरून प कडचा मार्ग पहिल्या घराचा, त्यात सा आहे, म्हणून लांब सा वर तो चालतो. पण चाल शुद्ध म वर थांबलेली असेल तर तुमचा तीव्र म तिला नकोसा होईल.

तानपुऱ्याचं ॲप चालू ठेवून डिमिनिश्डची साथ करू नका. खाली सा-प अखंड वाजत असताना दुसरं घर सा ला टोचतं, पहिलं घर प ला, आणि तिसऱ्या घरात तर दोन्ही नाहीत. कधी ती बोच मुद्दाम हवी असते, पण ती ठरवून.

कुठे वापरू नये याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बंदिशीत नको, अभंगात नको, रागाच्या चौकटीत घट्ट बसलेल्या नाट्यपदात नको. तिथे वर्ज्य स्वर घुसवून आपण काही नवं करत नसतो. नवरात्रातल्या गरब्यात तो वाजवलात तरी कुणाला ऐकू येणार नाही, लयीवर लक्ष द्या. भावगीत, जुनी हिंदी चित्रपटगीतं, वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन-तीन ठोक्यांच्या, अंगाने जाणारी संथ गाणी ही त्याची खरी जागा. जुन्या हिंदी गाण्यांच्या वाद्यमेळात गोव्याकडच्या अरेंजर मंडळींनी पाश्चात्त्य हार्मनी आणली, शंकर-जयकिशन यांच्याकडचे सेबॅस्टियन डिसूझा त्यांतले ठळक नाव. त्या काळच्या गाण्यांतले मधले तुकडे हेडफोन लावून ऐका. व्हायोलिनचा समूह एका कॉर्डवरून दुसऱ्याकडे सरकताना मध्ये जो क्षणभर श्वास अडकतो, तिथे बऱ्याचदा हे चार स्वर सापडतील.

## ८. नावांचा घोळ

इंटरनेटवरच्या कॉर्डमध्ये ‘डिम’ लिहिलेलं असतं तेव्हा ते दोन गोष्टींपैकी काहीही असू शकतं. तीन स्वरांचा डिमिनिश्ड, म्हणजे मूळ स्वर, आणि त्यालाच सा धरलं तर येणारे कोमल ग आणि तीव्र म. किंवा वर आपण शिकलो तो चार स्वरांचा डिमिनिश्ड सेव्हन्थ. गिटारवर दोन कॉर्डमधला दुवा म्हणून आला असेल तर खुशाल चार स्वरांचा वाजवा. तीनचा हवाच असेल तर बी डिम असा: × २ ३ ४ ३ ×. पातळसर लागतो, मी क्वचितच वापरतो.

तिसरा भाऊ म्हणजे हाफ डिमिनिश्ड, ज्याला ‘मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह’ असंही लिहितात. बी चा हाफ डिमिनिश्ड: × २ ३ २ ३ ×. पाचव्या तारेवर पहिलं बोट, चौथीवर तिसरं, तिसरीवर मधलं, दुसरीवर करंगळी. सी च्या गाण्यात हे होतात नी, रे, म आणि शुद्ध ध. कोमल ध च्या जागी शुद्ध ध आला की अस्वस्थपणा कमी होऊन हुरहूर उरते. मायनर गाण्यात बी हाफ डिमिनिश्ड, ई सेव्हन, ए मायनर हे त्रिकूट कायम भेटतं. चिन्हांत डिमिनिश्डला नुसतं छोटं वर्तुळ असतं आणि हाफ डिमिनिश्डला तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ. ती रेघ घाईत दिसत नाही. आणि हाफ डिमिनिश्डला तीन फ्रेटचा सरकवण्याचा नियम लागू नाही. तो आकार तीन फ्रेट पुढे नेलात तर वेगळाच कॉर्ड वाजेल.

## ९. पेटीवाल्या काकांबरोबर बसताना

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला बसलात की गायिका सांगते, “काळी चार.” काळी चार म्हणजे जी शार्प. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि जी चे आकार वाजवा. काळी एक म्हटलं तर कॅपो पहिल्यावर आणि सी चे आकार. काळी दोनला कॅपो तिसऱ्यावर, सी चेच आकार. फ्रेट मोजताना कॅपोलाच शून्य धरायचं, नाहीतर कॅपो पहिल्यावर असताना डिमिनिश्ड नेमका एका घराने चुकतो.

कॅपो लावल्यावर मात्र तुमच्या तोंडातलं कॉर्डचं नाव आणि प्रत्यक्ष वाजणारा सूर वेगळे होतात. तुम्ही ‘जी शार्प डिम’ म्हणाल आणि पेटीवाले काका काळी चार पासून मोजायला लागतील, तर कॅपो पहिल्यावर असल्याने तुमचा खरा आवाज ए डिमचा येत असतो. म्हणून त्यांना इंग्रजी नाव सांगूच नका. सरगमेत सांगा: “काका, सा वरून रे कडे जाताना मी कोमल रे, ग, प, कोमल नी घेतोय.” पट्टी कुठलीही असो, त्यांना लगेच समजतं.

आणि कोण काय वाजवणार ते आधीच वाटून घ्या. पेटीवर डावीकडे सा दाबून धरायची सवय अनेकांना असते. तुमच्या सी शार्प डिमच्या वेळी तो सा वाजत राहिला तर सगळी मेहनत वाया. काकांना तेवढ्या दोन मात्रा सा सोडायला सांगा. त्यांनी फक्त चालीचे सूर धरावेत, मधले चार स्वर गिटारने भरावेत. ते ऐकणार नसतील, आणि काही काका ऐकत नाहीत, तर त्या जागी नुसता सी धरून बसा आणि डिमिनिश्ड पुढच्या गाण्यासाठी ठेवा.